कोबा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
ऑली. सध्या दुसरं काही नाही. स्केटबोर्ड ढकलत नेणं येतं, किकटर्न येतो, थांबणं येतं. चारही चाकं जमीन सोडत नाहीत तोवर मी नुसती फळीवर उभी राहणारी बाई.
जागा: आपल्याच बिल्डिंगचं पार्किंग. वेळ: सकाळी सहा. पाण्याची मोटर चालू असते. तिच्या घरघरीत टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, आपटल्याचा आवाज खपून जातो.

३ फेब्रुवारी
ऑफिसला निघण्याआधी जमीन नीट पाहिली. १९८७चा कोबा. तेलाचे डाग, लिफ्टच्या तोंडाशी उतार, सी-४ खांबापाशी एक भेग. बाकी सुरेख. ज्या गवंड्याने घोटला त्याने थापी मन लावून फिरवली आहे. हल्ली कोणी एवढे कष्ट घेत नाही. पेव्हर ब्लॉक आणतात आणि बसवून मोकळे होतात.
सी-१ ते सी-९ सरळ रेघ. मध्ये गाड्याच गाड्या. मला मिळतो एक गाळा, सी-५ ते सी-६.

६ फेब्रुवारी
नडगी. पुन्हा तीच जागा.
आई म्हणाली, "मे महिन्यात मावशीकडचं लग्न आहे. साडीत पाय दिसत नाहीत, एवढंच बरं."

९ फेब्रुवारी, रविवार
१०३चा मुलगा खाली आला. नववीत आहे. काही न बोलता माझा बोर्ड उलटा केला, चाक फिरवलं, कान लावला.
"ताई, बेअरिंग कोरडी आहेत."
मग स्वतःचा बोर्ड आणला. काठ झिजलेला, ग्रिप उडालेली. दोन पावलं ढकलला आणि ऑली. वीतभर असेल. पण सहज.
कुठे शिकलास? "फोनवर."

१० फेब्रुवारी
स्टेशनजवळच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ६०८ बेअरिंग मागितली. आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७. ड्रिल मशीनमध्ये तीच, बोर्डातही तीच. त्याने ड्रॉवर उघडला. आठ हवीत म्हटल्यावर वर पाहिलं.
"कसली मशीन आहे, मॅडम?"

१२ फेब्रुवारी
एक्सलचा नट १३च्या पान्याने फिरतो. किंगपिनला ९/१६ इंच लागतो, तो बाबांच्या पेटीत निघाला. बाबांनी विचारलं नाही कशाला. पेटी मात्र तेव्हापासून शू-रॅकच्या खाली, हाताशी ठेवली आहे.

१५ फेब्रुवारी
१०३चं म्हणणं: "तू टेल दाबतेस. दाबायचं नाही, आपटायचं. मांडीने नाही, घोट्याने. आणि उडी आधी."
आधी म्हणजे किती आधी, ते त्याला सांगता येत नाही. करून दाखवतो. मला दिसत नाही. फोनवर व्हिडिओ काढून हळू चालवला. दिसलं: त्याचे खांदे टेल आपटायच्या आधीच वर निघालेले असतात. टेल आपटतो, नाक वर येतं, पुढचा पाय घोट्यातून आत वळतो आणि बुटाच्या कडेने ग्रिपवरून घासत वर जातो. त्या घासण्यानेच मागची बाजू वर उचलली जाते. बोर्ड पायाला चिकटत नाही. पाय त्याला पडू देत नाही.
माझ्या व्हिडिओत खांदे खाली आणि नजर स्वतःच्या बुटांवर.

१६ फेब्रुवारी, रविवार
सोसायटीची पुनर्विकासाची सभा गच्चीवर. बाबा गेले. ७९अ, कॉर्पस, कार्पेट एरिया, महिन्याचं भाडं. साडेदहाला परत आले. ताक मागितलं. म्हणाले, "बहुतेकांच्या सह्या आल्या."
आपली?
"तीही."

१८ फेब्रुवारी
ऑलीचा शोध लावणाऱ्याचं टोपणनावच ऑली. अ‍ॅलन गेल्फंड, फ्लोरिडा, १९७८च्या सुमारास. पण ते उतरत्या भिंतीवर. सपाट जमिनीवर आणला रॉडनी मलनने, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. तोही फ्लोरिडाचा. घर शेतावर, गावापासून लांब. गॅरेजमध्ये एकटा तासन्‌तास. वडिलांची अट: मोठी दुखापत झाली की बोर्ड बंद.
आईला हे वाचून दाखवलं नाही.

२२ फेब्रुवारी
उठला. मागची दोन चाकंही. कागद सरकेल इतकं.
१०३ म्हणाला, "मोजत नाही तो."

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
फेब्रुवारीत पारा ३८च्या वर. बाहेर ग्रिपला हात लावला तर चटका. पार्किंगमध्ये मात्र गार. दुपारभर तिथेच. साबुदाणा खाऊन उड्या मारणं फारसं शहाणपणाचं नाही.

१ मार्च
डाव्या बुटाला करंगळीपाशी भोक. ग्रिप म्हणजे मुळात पॉलिश पेपर, तो चपलाबूट बघत नाही. पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा तुकडा आणून सोल्युशनने चिकटवला. उजवा बूट नवा कोरा आहे.

४ मार्च
१०३ला ऑलिम्पिक दाखवलं. टोकियो, जुलै २०२१, महिलांची स्ट्रीट. सुवर्ण मोमिजी निशिया, १३ वर्षं. रौप्य रायसा लियाल, तीही १३. कांस्य फुना नाकायामा, १६. तिघींची बेरीज ४२.
"ताई, तू किती?"
चौतीस.
"मग आहे की वेळ."

५ मार्च
रायसाचा जुना व्हिडिओही पाहिला. ब्राझील, २०१५, सात वर्षांची, निळा परीचा झगा, पाठीला पंख. पायऱ्यांवरून हीलफ्लिप. दोनदा पडते, मग जमतं. उठताना झगा सारखा करते. तेवढंच पुन्हा पुन्हा पाहिलं.

९ मार्च, रविवार
कार्टर रोडच्या स्केटपार्कला. मुलुंड, दादर, पूल, बांद्रा, रिक्षा. लेडीज डब्यात बोर्ड मांडीवर. समोरच्या बाई बराच वेळ बघत होत्या. "हे इस्त्रीचं टेबल घडीचं आहे का?"
तिथे रॅम्प, हेल्मेटवाली पोरं, कडेला बाटल्या धरून उभ्या आया. ड्रॉप-इन करून बघायचं ठरवून गेले होते. वरच्या कडेवर टेल ठेवायचा, पुढचा पाय बोल्टवर, आणि सगळं वजन पुढे झोकायचं. मन मागे रेललं की पाठ आपटते. नियम एवढाच.
उभी राहिले. मागे रांग लागली. उतरले. पायऱ्यांनी.
परतताना क्रिकेटच्या फायनलमुळे गाडी रिकामी. घाटकोपरला डब्यात कोणीतरी ओरडलं, जिंकलो.

१४ मार्च, धुळवड
पार्किंगमध्ये पाणी, रंग, स्पीकर. बोर्ड माळ्यावर.

१६ मार्च, रविवार
मागच्या गल्लीत काँक्रीट पडलंय. पालिकेने सुमारे ७०० किलोमीटर रस्ते काढलेत, ३१ मेची मुदत. अख्खं शहर शिव्या घालतंय: धूळ, पत्रे, वळसे, रिक्षा येत नाहीत. १०३ आणि मी मात्र रोज नवी गल्ली हेरतो. गोणपाटं ओली असतील तर क्युरिंग चालू, पाय ठेवायचा नाही. गोणपाटं उचलली आणि बॅरिकेड अजून तसेच असले की तो मधला काळ आमचा. गाडी नाही, खड्डा नाही, माणूस नाही.
एक खोट. पावसात टायर घसरू नयेत म्हणून ओल्या काँक्रीटवर आडव्या रेघा ओढतात. गाडीला त्या कळत नाहीत. माझी चाकं ५२ मिलिमीटरची, कडक. दात वाजतात.

१९ मार्च
त्याच गल्लीत. झारखंडचे मजूर कट्ट्यावर जेवायला बसले होते. एकाने बोर्ड मागितला. मी हात धरायला पुढे झाले, तो सरळ त्यावर मांडी घालून बसला, दोन्ही हातांनी जमीन रेटत गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि आला. बाकीच्यांनी जेवण थांबवलं. मग एकेक करून सगळे.
हा रस्ता त्यांनीच केलेला. उताराचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर.

२२ मार्च
आला. पूर्ण. जागच्या जागी, पण आला.

२३ मार्च, रविवार
नाही येत.

३० मार्च, पाडवा
सगळ्या गॅलऱ्यांत गुढ्या. यंदा २०४नेही उभारली. ते कधी उभारत नाहीत.

२ एप्रिल
करार नोंदला. जागा ३१ मेपर्यंत रिकामी करायची होती, भांडून १५ जून मिळाली. नकाशांची पीडीएफ सगळ्यांच्या फोनवर. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे कॉलम-बीम काढते, रात्री आपल्या बिल्डिंगचे पाहिले. खांबांना नवे नंबर आहेत.

५ एप्रिल
आता चालत्या बोर्डवर. जागच्या जागी येतो तो ऑली आणि चालत्यावरचा ऑली, दोघांचं फारसं नातं नाही. वेग आला की शरीर घाबरून खांदे वळवतं. खांदे वळले की बोर्ड तिरका उतरतो. तिरका उतरला की मी सरळ पुढे, तो बाजूला.
एक गाळा पुरत नाही. ढकलून पाय जागेवर येईपर्यंत सी-६ खांब येतो.

१२ एप्रिल
घोटा. डावा. आवाज आला, म्हणून बसूनच राहिले. १०३ने वर धावत जाऊन बर्फ आणला, बर्फाच्या ट्रेसकट.

१३ एप्रिल, रविवार
एक्स-रे. हाड शाबूत. बॅंडेज, पाय उशीवर. आई रात्री हळदीचा लेप घेऊन आली, डॉक्टर नको म्हणाले तरी. फळी कुठे ठेवली विचारलं. माळ्यावर, म्हटलं. माळ्याकडे बघितलं आणि गेली.

१६ एप्रिल
पडून वाचतेय. कॅलिफोर्निया, १९७६-७७. मोठा दुष्काळ. बागांना पाणी बंद, घरामागचे पोहण्याचे तलाव कोरडे. सांता मोनिकाच्या बाजूची पोरं कुंपणावरून आत शिरायची. तळाशी उरलेलं हिरवं पाणी उपसायची, पुसायची, आणि त्या गोल भिंतींवर चढायची. मालक आला की पळायची. उभ्या भिंतीवरचं स्केटिंग तिथून वाढलं. पाणी आलं असतं तर ती पोरं समुद्रावरच राहिली असती.

१७ एप्रिल
२०४ची वॅगनआर गेली. ठाण्याला जागा मिळाली त्यांना. खिडकीतून पाहिलं: सी-६ ते सी-७ मोकळं.

२१ एप्रिल
१०३ खाली एकटाच. त्याच्या परीक्षा संपल्या. आवाजावरून कळतं: आपट, हवा, चार चाकं एकदम. मग खरखर, म्हणजे पडला. मग हसू.

२७ एप्रिल, रविवार
घोट्याला पट्टा बांधून खाली. नुसतं ढकलणं. मोठं वळण. सी-५पासून सी-७पर्यंत जाता येतं आता.
३०२च्या काकू खुर्ची टाकून बसल्या होत्या. वर घरात खोकी, पंखा काढलेला. "या वयात?" मी काही बोलले नाही. दहा मिनिटांनी: "ते मघाशी मोठं वळण घेतलंस, ते पुन्हा कर."

१ मे
पुण्याच्या श्रद्धा गायकवाडबद्दल आईला सांगितलं. गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, २०२२. स्केटबोर्डिंग स्ट्रीट, सुवर्ण, महाराष्ट्र.
आई म्हणाली, "ती पुण्याची आहे."
वाद कुठून घालायचा कळलं नाही.

४ मे, रविवार
४०१ची स्विफ्ट गेली, ३०३ची सँट्रो भंगारात गेली, १०१ने बाईक विकली. सी-३ ते सी-७.
चालता ऑली. दोनदा ढकलून, पाय लावून, सी-५ला उडी. उतरताना गुडघे मऊ ठेवले की आवाज वेगळा येतो, बंद.

६ मे
सकाळी खाली आले तर बाबांची स्कूटर सी-६वरून सी-१ला, भिंतीशी. चावी बाबांच्या शर्टाच्या खिशात.

११ मे, रविवार
१०३ला घेऊन कार्टर रोड. त्याच्या बाबांनी ट्रेनमध्ये दारात उभं राहायचं नाही, एवढं तीनदा सांगितलं. तो तिथल्या पोरांत दोन मिनिटांत मिसळला. कोणाच्या तरी बोर्डवर, कोणाच्या तरी हेल्मेटमध्ये.
ड्रॉप-इन केला. एवढंच लिहिते.

१३ मे
दहावीचा निकाल. १०३ तासभर फोन बघत बसला. त्याचा नाही, पुढच्या वर्षी त्याचा. "ताई, क्लास लावलाय. डोंबिवलीत. तिथेच भाड्याने जागा घेतोय आम्ही." टेल जमिनीवर टेकवून बोर्ड गोल गोल फिरवत होता.
किती वाजता क्लास?
"सकाळी सहा. आणि संध्याकाळी."

१५ मे
शव्हिट. तो म्हणाला, ऑलीत अडकून बसू नकोस, पाय मोकळे होतात. मागच्या पायाने टेल मागे ओढून झटका द्यायचा, बोर्ड पायाखाली अर्धा गोल फिरतो, नाकाच्या जागी टेल. वर उडायचं फक्त, वाटेतून बाजूला. हा पटकन आला. ऑलीला एवढे महिने आणि याला एक संध्याकाळ. कशाला किती वेळ लागेल याचा इथे काही नियम नाही.

१८ मे, रविवार
लग्न. साडी. पाय दिसले नाहीत. मावशीने हातावरचं खरचटलेलं पाहिलं. आईच बोलली: "ऑफिसात जिन्यावर घसरली."

२० मे
संध्याकाळी वळीव. अर्धा तास. मागची नवी गल्ली चकचकीत. पाणी बोर्डला वाईट: सात पातळ थर चिकटवलेलं मेपल, ओलं झालं की फुगतं, टेल आपटला की थप्प आवाज, उसळी मेली. बेअरिंगला गंज दोन दिवसांत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बाहेरचं उरकायचं, असं १०३ आणि मी ठरवलं. कर्ब उतरणं, जमलं तर चढणं.

२६ मे, सोमवार
पाऊस आला. नुसता पाऊस नाही, मोसमी. हवामान खात्याने जाहीर केलं. ७५ वर्षांत मुंबईत इतक्या लवकर आला नव्हता. वरळीचं भुयारी मेट्रो स्टेशन, नुकतंच उघडलेलं, पाण्यात. गाड्या बंद, ऑफिस बंद.
खाली ३०१चा टेम्पो लागलेला. ताडपत्री फाटकी. कपाट, दिवाण, देव्हारा, टीव्हीचं खोकं. काका छत्री देव्हाऱ्यावर धरून उभे, स्वतः भिजत. मी आणि १०३ने गाद्या पार्किंगमध्ये आणून ठेवल्या, सी-२ला, कोरड्यात.
कर्ब राहिला.

२८ मे
मुलुंडात कोरडी सपाट जागा एवढी एकच आहे.

१ जून, रविवार
सी-१ ते सी-९. बाबांची स्कूटर सोडून काही नाही. पूर्ण लांबी पहिल्यांदा. खांब मागे जात राहतात. आवाज छताला लागून परत येतो. तीनदा ढकलून ऑली, उतरून पाय बदलायला वेळ, मग शव्हिट, आणि तरी जागा उरते. १०३ने व्हिडिओ काढला. त्यात मी मोठ्याने काहीतरी ओरडते आहे, शब्द कळत नाहीत.
३०२च्या काकू नव्हत्या. विरारला गेल्या शुक्रवारी. खुर्ची ठेवून गेल्या.

३ जून
मोटर बंद झाली. मीटर निघाले. सकाळी सहाला आता फक्त बोर्ड ऐकू येतो. वॉचमनकाका आले. वाटलं ओरडतील. "मॅडम, वो सी-चारवाला क्रॅक, मैंने सिमेंट भर दिया." खरंच भरलं होतं. घोटलंही होतं.

७ जून
भंगारवाले आत. खिडक्यांची ग्रिलं, नळ, मग दारं. बिजागऱ्या काढून दारं खाली आणली, सी-८ला थप्पी. चांगली जुनी फ्लश दारं. १०३ बघत राहिला, मग विटा शोधून आणल्या.
एक दार विटांवर तिरपं: किकर. दुसरं सपाट, चार विटांवर: त्यावर चढून मागच्या दोन चाकांवर तोल धरायचा, मॅन्युअल. भंगारवाल्याला दहा रुपये दिले, दुपारपर्यंत दारं वापरायला. तो म्हणाला, तोडू नका, सोळाशेला जातात.
तिरप्या दारावर पितळी आकडे तसेच होते. १, ०, ३. वर त्याने लहानपणी चिकटवलेला बेन टेनचा स्टिकर, अर्धा खरवडलेला.
"आधी मी," तो म्हणाला.

८ जून, रविवार
मॅन्युअल अवघड. जीभ बाहेर येते माझी. व्हिडिओत दिसतं.
संध्याकाळी १०३चा टेम्पो. त्याने बोर्ड हातात धरला होता, सामानात दिला नाही. टेम्पोच्या केबिनमध्ये बसला, बोर्ड मांडीवर उभा. त्याच्या आईने मला लोणच्याची बरणी दिली. फ्रिजमध्ये सांडेल म्हणून.

१२ जून
आमची बांधाबांध. भांडुपला जागा मिळाली, स्टेशनपासून लांब, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आईने खोक्यांवर मार्करने लिहिलं: डबे, देव, पुस्तकं, अंथरुणं. एका खोक्यावर "फळी व तिचं". आत हेल्मेट, कोपरपट्टे, पाने, जुनी बेअरिंग एका बरणीत.

१४ जून
शेवटची स्कूटर. बाबांनी पार्किंगमध्येच किक मारली, सी-९पर्यंत नेली, वळवली, सी-१पर्यंत आणली. मग गेटबाहेर.

१५ जून, रविवार
भांडुप. खाली पेव्हर ब्लॉक. अर्थात.

१७ जून
१०३चा मेसेज. शाळा सुरू. क्लास सुरू. बोर्ड पलंगाखाली. "ताई तू किकफ्लिप सुरू कर. मी सांगतो."

२१ जून
योग दिन. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या. स्केटबोर्डिंगचा जागतिक दिवसही आजच, २००४पासून. बाहेर धो धो. हॉलची लादी गुळगुळीत, बारा बाय सहा मीटर तरी. सेक्रेटरींना विचारलं, रिकामा असतो तेव्हा वापरू का. कशासाठी? सांगितलं.
"अर्ज द्या."

२४ जून
अर्ज दिला.

२८ जून
किकफ्लिप, घरात, गादीवर, चाकं काढून. पुढचा पाय ऑलीसारखा वर न्यायचा पण शेवटी टाचेच्या बाजूच्या कडेवरून बाहेर सटकवायचा. त्या झटक्याने बोर्ड लांबीच्या अक्षाभोवती पूर्ण फिरतो. १९८३च्या सुमाराचा, पुन्हा मलनच. १०३ने सांगितलेलं: "बाहेर सरकव, खाली नको मारूस." माझा पाय खाली मारतो. खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने आवाज.

२ जुलै
मुलुंडला बँकेचं काम होतं. बिल्डिंगभोवती निळे पत्रे, दहा फुटी. फटीतून पोकलेन दिसला. वरचे दोन मजले नाहीत. पार्किंग अजून आहे, मलब्याने भरलेलं.

६ जुलै, आषाढी
अर्जाला उत्तर: रविवारी दुपारी दोन ते चार, आवाज न करता.
दोन ते चार. आवाज न करता. बघू.

१३ जुलै, रविवार
हॉल. चाकांखाली लादी सरकते, कोब्याची पकड नाही, पण सपाट आहे आणि कोरडी आहे. बोर्ड फिरतो आता. पूर्ण फिरतो. मी त्यावर उतरत नाही, एक पाय बोर्डवर, एक लादीवर. सेक्रेटरींची नात दारात उभी राहून मोजत होती. मी थांबले की म्हणायची, "परत."

१९ जुलै, शनिवार
रात्री १०३चा फोन. क्लासमधून सुटून प्लॅटफॉर्मवर उभा होता, मागे अनाउन्समेंट. घटक चाचणीत भूमितीत बरे पडले. बोर्डला हात नाही लावला. मग एकदम:
"ताई, तुझ्याकडे नव्या बिल्डिंगचा नकाशा आहे ना? पार्किंग कसं आहे?"
पीडीएफ उघडली. पार्किंग यांत्रिक. लोखंडी पाळण्यात गाड्या एकावर एक. मोकळी जमीन नाही.
"काहीच नाही?"
तळघरात उतरणारा रॅम्प आहे.
"उतार किती?"
एकास दहा.
गाडी आली. आवाजात काही ऐकू येईना. मग परत आला: "ताबा कधी?"
छत्तीस महिने म्हणतात.
"म्हणजे बारावी झालेली असेल. चालेल. रुंदी बघ किती आहे."